सर काय म्हणाले?

पहाटे साडेपाचच्या सुमारास बोरिवलीहून चर्चगेटकडे निघणाऱ्या लोकलमध्ये स्वतःच्या उंचीएवढी किट बॅग सांभाळत उभी असलेली मुले हमखास दिसतात. त्याच वेळी अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात किंवा मुलुंडच्या प्रियदर्शनी क्रीडासंकुलात दुसरी काही मुले कुडकुडत तरणतलावात उतरलेली असतात. ही मुले घरी परतली की आईचा पहिला प्रश्न असतो, ‘किती रन काढल्या?’ किंवा ‘टायमिंग किती आले?’ आणि दुसरा प्रश्न असतो, ‘सर काय म्हणाले?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर आठवडाभरात विसरले जाते. दुसऱ्याचे उत्तर मात्र मुलाच्या मनात कित्येक वर्षे घर करून राहते.

दहा ते पंधरा या वयात मुलांना स्वतःविषयीचे मत स्वतः बनवता येत नाही; ते भोवतालच्या मोठ्या माणसांकडून उसने घ्यावे लागते. आई-वडील कौतुक करणारच, हे मुलाने गृहीत धरलेले असते. शाळेतल्या शिक्षकांसमोर साठ जणांचा वर्ग असतो. प्रशिक्षक मात्र मुलाने स्वतः निवडलेल्या, त्याला मनापासून आवडणाऱ्या क्षेत्रातला जाणकार असतो. त्यामुळे ‘तुझ्याने होणार नाही’ हे वाक्य गणिताच्या बाईंनी उच्चारले तर मूल ते घरी येऊन हसत सांगू शकते. तेच नेटमध्ये सरांनी उच्चारले तर ते घरी सांगितलेच जात नाही. काही महिन्यांनी मूल एवढेच म्हणते, ‘मला आता कंटाळा आलाय.’ दहावीचे वर्ष जवळ आलेले असतेच. मग अभ्यासाचे कारण पुढे होते, किट बॅग माळ्यावर जाते आणि प्रकरण मिटते. एका खेळाडूच्या जाण्याची नोंद कुठेही होत नाही.

मुंबईत या विषयाला एक खास पार्श्वभूमी आहे. येथील क्रिकेटला ‘खडूस’ हे विशेषण अभिमानाने लावले जाते. विकेट फेकायची नाही, शतक झाले तरी पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची आणि कौतुकाची अपेक्षा ठेवायची नाही, ही त्या संस्कृतीची त्रिसूत्री. तिचे सर्वांत ठळक प्रतीक म्हणजे शिवाजी पार्कचे रमाकांत आचरेकर. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे स्टेडियमवर निरोपाचे भाषण करताना सचिन तेंडुलकरने सांगितले, की गेल्या २९ वर्षांत सर मला एकदाही ‘छान खेळलास’ असे म्हणाले नाहीत. मी आत्मसंतुष्ट होईन अशी त्यांना भीती वाटत असे. आता पुढे सामनेच उरलेले नाहीत, तेव्हा सरांनी ते म्हणायला हरकत नाही, अशी मिस्कील पुस्तीही त्याने जोडली. सरावाचा सामना चुकवून शाळेच्या मोठ्या संघाचा हॅरिस शील्डचा अंतिम सामना बघायला गेलेल्या छोट्या सचिनच्या कानाखाली सरांनी आवाज काढल्याची हकीकतही त्याने अनेकदा सांगितली आहे. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असे खेळ, हा त्या प्रसंगाचा मथितार्थ.

या हकिकतींचा उपनगरांतील मैदानांवर विलक्षण परिणाम झाला आहे. कौतुक न करणे हीच प्रशिक्षणाची गुरुकिल्ली, असा अर्थ अनेकांनी त्यातून काढला. वास्तविक आचरेकर सरांची पद्धत नीट पाहिली तर ती अबोलपणाची नव्हती. सचिन जाळ्यात थकला की ते यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याला ते नाणे मिळे आणि कोणीच बाद करू शकला नाही तर ते सचिनचे. सत्र संपता संपता मुलाला स्वतःच्या खेळाचा इतका नेमका, तत्काळ आणि निःपक्षपाती निकाल देणारी दुसरी पद्धत शोधून सापडणार नाही. सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. खूश असले की खाऊ घालत. तेवढ्यावरून आज काही तरी बरे घडले, हे मुलाला कळे. म्हणजे शब्दांत नसले तरी ‘तू माझा आहेस, तुझ्यासाठी माझी संध्याकाळ राखून ठेवली आहे’ हे दररोज सांगितले जात होते. हा सगळा भाग वगळून केवळ मौन आणि चापटी उचलणे म्हणजे औषधाची बाटली टाकून देऊन लेबल चाटण्यासारखे आहे.

शिवाय एक साधी गोष्ट विसरली जाते. कडक शिस्तीत जे तरले, त्यांच्याच मुलाखती छापून येतात. त्याच शिस्तीत ज्यांनी खेळ सोडला त्यांना ‘सरांच्या ओरडण्याने तुम्ही घडलात का?’ असे विचारायला कोणी जात नाही.

ओरडले की सुधारतात?

‘अहो, कौतुक केले की दुसऱ्या दिवशी पोरगा हमखास शून्यावर बाद होतो, झापले की चांगला खेळतो. हा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे.’ हा युक्तिवाद कोणत्याही मैदानावर ऐकायला मिळतो. तो खोटा नाही, पण फसवा आहे. नेमका हाच युक्तिवाद इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांनी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांच्यापुढे मांडला होता. उत्तम कसरतीबद्दल शाबासकी दिली की पुढची कसरत बिघडते आणि वाईट कसरतीबद्दल खडसावले की पुढची सुधारते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या कानेमन यांनी त्यातील मेख दाखवून दिली.

ती क्रिकेटच्या भाषेत अशी सांगता येईल. समजा, तेरा वर्षांचा एक मुलगा सर्वसाधारणपणे पंचवीस धावा काढतो. एखाद्या दिवशी त्याच्या ऐंशी होतात, एखाद्या दिवशी भोपळा. ऐंशीनंतरच्या डावात पुन्हा ऐंशी होण्याची शक्यता मुळातच कमी. धावसंख्या पंचविसाच्या आसपास उतरणार. भोपळ्यानंतरचा डाव त्याहून बरा होण्याची शक्यता तितकीच जास्त. सरांनी तोंडातून शब्द काढला नसता तरी हेच घडले असते. पण शाबासकी ऐंशीनंतर दिली जाते आणि बोलणी भोपळ्यानंतर बसतात. साहजिकच शाबासकीने खेळ बिघडतो आणि बोलण्यांनी सुधारतो, असा भास प्रशिक्षकाला आयुष्यभर होत राहतो. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो. अनुभवच त्याला चुकीचा धडा शिकवतो, आणि जो धडा अनुभवाने शिकवला तो पुस्तकाने पुसणे कठीण.

मग खरोखर काय घडते, हे पाहायचे तर मोजणी करावी लागते. अशी मोजणी अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७० च्या दशकात सुरू केली. मुलांच्या बेसबॉल संघांचे प्रशिक्षक सामन्यादरम्यान काय बोलतात, कधी बोलतात, चूक झाल्यावर धीर देतात, दुरुस्ती सांगतात की नुसतेच रागावतात, याची निरीक्षकांनी हजारोंच्या संख्येने नोंद केली. नंतर मुलांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलणे झाले. त्यातून हाती आलेली एक बाब अस्वस्थ करणारी होती. शिक्षा किंवा टोमणा या स्वरूपाचे वर्तन एकूण नोंदींच्या जेमतेम तीन टक्के होते. परंतु मुलांच्या मनातील नाराजीशी सर्वाधिक घट्ट संबंध याच तीन टक्क्यांचा निघाला. आणखी गमतीची गोष्ट म्हणजे, आपण मुलांशी कसे वागतो याविषयी प्रशिक्षकांची स्वतःची कल्पना आणि मुलांनी केलेले वर्णन यांचा फारसा मेळच बसत नव्हता.

यानंतर या दोघांनी प्रशिक्षकांसाठी जेमतेम अडीच तासांचा एक वर्ग तयार केला. चांगल्या प्रयत्नाची लगेच दखल घ्या, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग नेमके काय बदलायचे ते सांगा, चारचौघांत अपमान करू नका, एवढाच त्याचा गाभा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, असा वर्ग न केलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतील २६ टक्के मुले पुढच्या हंगामात खेळायला परत आली नाहीत. वर्ग केलेल्यांच्या संघांत हे प्रमाण अवघे पाच टक्के होते. जिंकण्या-हरण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे ‘लाड केले तर संघ हरेल’ ही भीतीही निराधार ठरली. या संशोधनात सर्वाधिक फायदा झाला तो स्वतःविषयी मुळातच कमी आत्मविश्वास असलेल्या मुलांचा. प्रत्येक संघात अशी दोन-तीन मुले असतातच. ती बहुधा शेवटच्या क्रमांकावर फलंदाजीला येतात आणि सीमारेषेवर उभी असतात.

शाबासकीचे विष

तेव्हा उठता-बसता कौतुक करावे, असे मात्र यातून निघत नाही. किंबहुना चुकीच्या कौतुकाने होणारे नुकसानही बारकाईने तपासले गेले आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. पुढे कठीण कोडी समोर आल्यावर ‘हुशार’ ठरलेली मुले लवकर हताश झाली, सोप्या कोड्यांकडे वळली. काहींनी तर आपले गुण इतरांना सांगताना वाढवूनही सांगितले. हुशारीचा शिक्का बसला की तो टिकवण्याची जबाबदारी येते, आणि शिक्का टिकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अवघड गोष्टीला हात न घालणे. ‘बॉर्न टॅलेंट आहे पोरगा!’ हे वाक्य शालेय क्रिकेटमध्ये किती सहज फेकले जाते, हे आठवले की त्या मुलाची काळजी वाटू लागते.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे याने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा हा शिक्का जगभरातून बसला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला शिष्यवृत्ती दिली. पुढच्याच वर्षी धावा होत नाहीत म्हणून ती थांबवावी, अशी विनंती त्याच्या वडिलांनी केली. पंधराव्या वर्षी हजार धावा काढणाऱ्या मुलाने सोळाव्या वर्षी साध्या पन्नास काढल्या तर त्याला काय म्हणायचे, याचे उत्तर कोणाजवळच नव्हते.

मुळात अभिप्राय म्हणजे प्रशंसा किंवा टीका ही समजूतच अपुरी आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अशा शेकडो निष्कर्षांचा एकत्रित आढावा घेतला. अभिप्रायाने सरासरी कामगिरी सुधारते, हे खरे ठरले. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी चक्क खालावली होती. त्यांचे स्पष्टीकरण असे, की लक्ष कामावरून उडून ‘स्व’कडे गेले की अभिप्राय उलटतो. ‘तुझा पुढचा पाय चेंडूच्या रेषेत येत नाहीये’ हे ऐकल्यावर मूल पायाचा विचार करते. ‘तुला कितीदा सांगायचे?’ हे ऐकल्यावर ते स्वतःचा विचार करू लागते, आणि पाय होता तिथेच राहतो.

अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील विख्यात प्रशिक्षक जॉन वूडन यांचा सराव १९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या संशोधकांनी बाकावर बसून शब्दागणिक टिपला. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा हा माणूस मुलांना पेटवून कसा सोडतो, हे त्यांना पाहायचे होते. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वाक्ये निव्वळ माहितीची निघाली: काय करायचे, कसे करायचे. निखळ कौतुक सात टक्क्यांच्या आसपास, आणि नाराजीही जवळपास तितकीच. वाक्ये छोटी, काही सेकंदांची. रागावलेच तर लगेच योग्य कृती करून दाखवायची, हा त्यांचा शिरस्ता. भाषणे जवळपास नव्हतीच.

बोरिवलीचे दिनेश लाड यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. शालेय वयातील रोहित शर्मा त्यांच्या नजरेस पडला तो ऑफस्पिन गोलंदाज म्हणून. फी परवडत नसलेल्या या मुलाला स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये फी माफ व्हावी यासाठी त्यांनी खटपट केली. पुढे एकदा तो एकटाच चेंडू ठोकत असताना त्याची बॅट किती सरळ येते हे त्यांनी पाहिले आणि आठव्या-नवव्या क्रमांकावरच्या या मुलाला सलामीला पाठवले. लाड यांना २०२२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शब्दांची आतषबाजी येथे कोठेच नाही. परंतु ‘मी तुझ्याकडे पाहिले आणि मला हे दिसले’ हा अभिप्राय मुलाला फलंदाजीच्या क्रमातून मिळाला. मन घडवण्यात याहून मोठा वाटा कोणत्या वाक्याचा असेल, असे वाटत नाही.

कठोर शब्द कधी पचतात?

खडूस परंपरेतून आलेल्या माणसाने कठोरपणा कसा वापरावा, याचा अलीकडचा नमुना अमोल मुझुमदार यांनी घालून दिला. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी रचली, तेव्हा पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला शारदाश्रमचा फलंदाज तो हाच. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारताची कॅप मिळाली नाही. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी इंदूरला विश्वचषकात भारतीय महिला संघ इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनी हरला, तेव्हा प्रशिक्षक मुझुमदार ड्रेसिंग रूममध्ये कडक शब्दांत बोलले. हा सामना संपवायलाच हवा होता, हे त्यांनी ठणकावले. खेळाडूंनी ते मनाला लावून घेतले नाही, कारण सर मनापासून बोलतात हे ठाऊक होते, अशा आशयाचे कर्णधार हरमनप्रीत कौरने नंतर सांगितले. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचे लक्ष्य ठेवले तेव्हा मात्र मुझुमदारांनी फळ्यावर एवढेच लिहिले, की अंतिम फेरीसाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी आहे. चिंतेचा डोंगर समोर असताना उपदेश वाढवायचा नसतो, काम लहान करून दाखवायचे असते.

त्या सामन्यात नाबाद १२७ धावा केल्या त्या भांडुपमध्ये बालपण गेलेल्या जेमिमा रॉड्रिग्सने. इंदूरच्या त्याच सामन्यासाठी तिला वगळण्यात आले होते. विजयानंतर पत्रकारांसमोर तिने स्पर्धेच्या काळातील आपल्या तीव्र चिंतेविषयी, आईला फोन करून रडण्याविषयी मोकळेपणाने सांगितले. सहकारी मुलींनी कसे सांभाळले तेही सांगितले. राष्ट्रीय संघातील खेळाडूला हे बोलायला जागा मिळाली. घाटकोपर किंवा कांदिवलीतील चौदा वर्षांच्या मुलीला ती क्वचितच मिळते.

मुलींच्या बाबतीत एक धोका तर अधिकच गंभीर आहे. जलतरण, जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब, धावणे या प्रकारांत ‘वजन वाढलंय, बघ जरा’ हे वाक्य फारसा विचार न करता उच्चारले जाते. मुलगी त्या रात्रीपासून जेवण निम्मे करते. सराव तेवढाच आणि अन्न अपुरे, अशी स्थिती राहिली की शरीर काटकसर करू लागते: पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात, वारंवार दुखापती होतात, चिडचिड वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जातुटीविषयी तज्ज्ञांचे निवेदन प्रसिद्ध केले. मुलांमध्येही ती होते, हेही त्यात नमूद आहे. वजनाचा विषय चारचौघांत काढायचाच नाही, आणि काढायचा तर आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टरांमार्फत, हे एवढे पथ्य कोणत्याही संकुलाला पाळता येण्याजोगे आहे.

अर्थात सगळा दोष प्रशिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. उपनगरांत जागा नाही. एका नेटमागे मुलांची रांग, एका सरांपुढे तीस-चाळीस चेहरे, सात वाजता मैदान दुसऱ्या वर्गाला मोकळे करून द्यायचे. जाळीबाहेर पालक उभे. ‘सर, याचे सिलेक्शन कधी?’ हा प्रश्न दर महिन्याच्या फीबरोबर ठेवलेलाच. बहुतेक प्रशिक्षक स्वतः माजी खेळाडू; त्यांना जसे वागवले गेले तसेच ते वागवतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेत क्रीडामानसशास्त्र शिकवले जाते. पण वस्तीपातळीवर सुटीतले वर्ग चालवणाऱ्या कितीशा जणांना ती वाट परवडते? अडीच तासांचा वर्ग मात्र कोणालाही परवडेल.

पालकांना काही खुणा ओळखता येतात. सामन्याच्या दिवशीच पोट दुखणे, झोप उडणे, सरांचे नाव निघताच विषय बदलणे, चूक झाल्यावर चेंडूकडे न बघता आधी सरांच्या चेहऱ्याकडे बघणे. ही शेवटची खूण जाळीबाहेर उभे राहूनही दिसते. अशा वेळी प्रशिक्षकाशी मुलाच्या गैरहजेरीत बोलावे. ‘तुम्ही ओरडता’ असे न म्हणता ‘तो घरी असे वागू लागला आहे’ असे सांगावे. पुष्कळ प्रशिक्षक हे ऐकून चपापतात, कारण त्यांना कल्पनाच नसते. आणि जेथे शब्दांची जागा हाताने किंवा पट्ट्याने घेतली असेल, तेथे विषय अभिप्रायाचा राहतच नाही. शाळांमध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे. खासगी वर्गात ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूर वर्तन केल्यास बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७५ लागू होऊ शकते. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ या क्रमांकावर आहे.

प्रशिक्षकांसाठी तपासणीचा एक बिनखर्ची मार्गही आहे. स्मिथ आणि स्मॉल यांना जे टिपायला निरीक्षकांची फौज लागली, ते आज खिशातला मोबाइल करतो. सरावातली वीस मिनिटे स्वतःचेच बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि घरी जाताना बसमध्ये किंवा लोकलमध्ये कानाला लावून ऐकावे. किती वाक्ये पायाविषयी, खांद्याविषयी, चेंडूविषयी होती. किती वाक्ये मुलाविषयी होती. आणि त्या वीस मिनिटांत किती मुलांचे नाव एकदाही घेतले गेले नाही, एवढे तीन आकडे वहीच्या मागच्या पानावर मांडले तरी पुरे.